फ्यूज उडाला? बरं झालं!

गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसवली की आपण मित्रांना काय दाखवतो? आधी टचस्क्रीन. मग डिकी उघडून सब-वूफर. आणि मग ॲम्प्लिफायरवर छापलेला तो आकडा : १००० वॅट्स! मित्रही ‘सही है बॉस’ म्हणतात आणि लगेच पार्टी मागतात. बॉनेट उघडून बॅटरीशेजारची छोटीशी डबी कौतुकानं दाखवणारा महाभाग मात्र मला अजून भेटायचाय. बऱ्याच गाड्यांमध्ये ती डबी नसतेच, हा आणखी वेगळा मुद्दा.

ती डबी म्हणजे फ्यूज होल्डर. आजचा कॉलम तिच्यावर. बोअर विषय आहे, मान्य. पण गाडी तुमची आहे, आणि ती रात्री कुणाच्या तरी दारासमोर उभी असते.

आता हे दारासमोर उभं राहणं काय असतं, ते पाहायचं तर महालात यावं. गांधी गेटमधून (जुन्या लोकांचा जुम्मा दरवाजा) आत शिरायचं, बडकस चौकाच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत वळायचं. भोसल्यांच्या काळातली वस्ती ही. गल्ल्या आखल्या तेव्हा कुणाच्या डोक्यात हॅचबॅक नव्हती. आता घरटी एक गाडी, काही घरी दोन. भिंतीला चिकटून, एकीच्या डिकीला दुसरीचं बॉनेट. मागे सागवानी खांब-तुळयांचे उरलेसुरले वाडे. रात्री अकरानंतर स्कूटरसुद्धा तिरकी करून काढावी लागते. अशा गल्लीत एका गाडीनं पेट घेतला तर ती एकटी जळणार नाही, आणि अग्निशमन दलाची मोठी गाडी तर कोपऱ्यावरच अडकेल.

याच भागात माझी आत्या राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, मिहानमध्ये नोकरीला. सेकंडहँड हॅचबॅक घेतली, दिवाळीच्या बोनसमध्ये ॲम्प आणि सब-वूफर बसवला, आणि महिन्याभरात मला फोन.

‘अगं, फ्यूज सारखा उडून राहिलाय. जरा आवाज वाढवला की गेला. दुकानवाला म्हणतो ३०चा काढून ८०चा टाकून देऊ, टेन्शन संपलं.’

टेन्शन संपलं! हे वाक्य गाडीच्या दुकानात ऐकलं की माझं टेन्शन सुरू होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं महालातल्याच एका जुन्या ऑटो-इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी घेऊन गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीच्या प्लसवरून निघालेली लाल वायर बोटानं धरून मागे-मागे जात पाहिली, मग डिकी उघडली, आणि हसले. त्यांना काय दिसलं ते सांगते, कारण तुमच्याही गाडीत थोड्याफार फरकानं तेच असू शकतं.

बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच. फ्यूज होता मागे डिकीत, ॲम्पच्या शेजारी, काचेच्या नळीचा, ३० अँपिअरचा. (एक खुलासा : या लेखात ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर आणि अँपिअर म्हणजे करंट. दुकानात दोन्हीला ‘अँप’च म्हणतात आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.) आणि वायर होती ४ स्क्वेअर एमएमची. घरात एसीच्या पॉइंटला घालतात ना, तीच.

ही वायर कशी आली असेल, याचा काकांचा अंदाज भन्नाट होता, आणि मला तो शंभर टक्के पटला. ॲम्पच्या माहितीपत्रकात ‘४ गेज’ किंवा ‘८ गेज’ वायर वापरा असं लिहिलेलं असतं. माणूस इलेक्ट्रिकच्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘४ नंबरची वायर द्या.’ दुकानदार त्याला ओळखीची असलेली ४ स्क्वेअर एमएम देतो. दोघंही खूश. आता गंमत बघा. ४ गेज म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम. मागितली त्याच्या पाचवा हिस्सा जाडीची वायर हातात आली! ८ गेज म्हणजे साधारण ८.४ स्क्वेअर एमएम. गेजचा आकडा लहान तर वायर जाड, स्क्वेअर एमएमचा आकडा लहान तर वायर बारीक. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी या लेखाचे पैसे वसूल.

आता असली बात. फ्यूज असतो कशासाठी? दहापैकी नऊ जण म्हणतील, ॲम्प वाचवायला. चूक. ॲम्पचं रक्षण करायला त्याच्या अंगावरच स्वतःचे छोटे फ्यूज असतात. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज असतो तो वायर वाचवायला. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच-एक मीटर वायर जाते. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून, दाराच्या उंबऱ्याखालून, सीटच्या रुळाशेजारून, कार्पेटच्या पोटातून. वाटेत सगळीकडे पत्रा, आणि गाडीत पत्रा म्हणजेच बॅटरीचा निगेटिव्ह. खड्ड्यांतून गाडी हादरत राहते, भोकाची धार वायरचं प्लॅस्टिक रोज थोडं-थोडं खरवडते. किंवा सीट कव्हर बसवणारा पोऱ्या एक स्क्रू नेमका वायरमध्ये घुसवतो. तांबं पत्र्याला टेकलं की झाला शॉर्ट.

छोट्या गाडीची बॅटरी ‘छोटी’ असते हा मोठा गैरसमज. स्टार्टर फिरवायलाच ती शंभरहून जास्त अँपिअर सहज देते. थेट शॉर्टमध्ये पाचशे-सहाशे अँपिअर ओकू शकते. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमधून एवढा करंट गेला तर प्लॅस्टिक वितळायला सेकंदभर पुरे. वर कार्पेट, फोम, रेक्झिन. पुढचं सांगायला नको.

आणि डिकीतला तो ३०चा फ्यूज? तो शाबूत! करंट त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, वाटेतच पत्र्यात शिरला. चोर गांधी गेटमधून आत शिरतोय आणि चौकीदार दूर बडकस चौकात चहा पितोय, असा प्रकार. म्हणून कार ऑडिओच्या धंद्यात जगभर एक नियम मानतात : मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १८ इंचांच्या आत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. त्याहून जवळ बसला तर उत्तम. फ्यूजच्या अलीकडचा तेवढा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो, तो जितका लहान तितकं बरं.

हे सगळं मुंबई-पुण्याचे नखरे वाटत असतील तर एक आठवण करून देते. मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला कोरी करकरीत टाटा नॅनो शोरूममधून घरी नेताना पेटली होती, आणि फोटो देशभर गाजला होता. त्या सुमाराला नॅनो पेटण्याच्या आणखीही काही घटना घडल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये टाटा मोटर्सनं चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. कंपनीचं म्हणणं होतं की कारणं त्या-त्या गाडीपुरती होती : बाहेरून बसवलेली जादा इलेक्ट्रिकल उपकरणं, किंवा एक्झॉस्टवर राहून गेलेली एखादी बाहेरची वस्तू. सोबत सगळ्या ग्राहकांना इलेक्ट्रिकल आणि एक्झॉस्ट यंत्रणेला फुकटात जादा संरक्षण देऊ केलं. कोणत्या गाडीत नेमकं काय झालं यावर वाद घालता येईल, आणि मुलुंडची गाडी तर शोरूममधून जेमतेम बाहेर पडली होती. पण ‘बाहेरून बसवलेली उपकरणं’ हे शब्द मी तेव्हापासून विसरलेले नाही. कारण गाडी पेटली की कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार.

परत आतेभावाकडे. त्याचा ३०चा फ्यूज सारखा का उडत होता? कारण तो बरोबर उडत होता! ४ स्क्वेअर एमएमच्या वायरला ३० अँपिअर ही मर्यादा योग्यच. ॲम्पला बेसच्या ठोक्याला त्याहून जास्त हवं होतं. म्हणजे दोष फ्यूजचा नाही, वायर बारीक. आणि दुकानवाल्याचा उपाय काय, तर वायर तीच ठेवून ८०चा फ्यूज. असं केल्यावर फ्यूज उडणार नाही हे खरंच. वायर तापत राहील, आणि शेवटी वायरच फ्यूजचं काम करेल.

महालातल्या जुन्या वाड्यांमधल्या चिनी मातीच्या किटकॅटची आठवण आली मला. उन्हाळ्यात कूलर लावला की किटकॅटची तार जळायची. मग घरातला कुणीतरी उत्साही काका एकेरीऐवजी तिहेरी तार पिळून टाकायचा आणि जाहीर करायचा, ‘आता जात नाही!’ गाडीतला त्याचा भाऊ म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावलेला फ्यूज.

इलेक्ट्रिशियन काका यावर जे म्हणाले ते मी तसंच्या तसं लिहून घेतलंय : ‘मॅडम, फ्यूज उडला म्हणजे गाडी बोलून राहिली ना आपल्याशी. तिचं तोंड कायले बंद करता?’

मग फ्यूज किती अँपिअरचा घ्यायचा? आधी ॲम्प किती खातो ते बघा. डब्यावरचा वॅटचा आकडा विसरून जा, तो मार्केटिंगवाल्यांनी लिहिलेला असतो. ॲम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा, ते इंजिनिअरनं बसवलेले असतात. भावाच्या ‘१००० वॅट’ ॲम्पवर २०-२०चे दोन फ्यूज होते. म्हणजे ४० अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीचा व्होल्टेज साधारण १३.८. गुणाकार केला तर साडेपाचशे वॅट आत जाणार. जुन्या पद्धतीच्या एबी क्लास ॲम्पमध्ये त्यातलं जवळपास निम्मं उष्णतेत जातं. स्पीकरपर्यंत पोचणार तीनशेच्या आसपास. १००० कुठून येणार? (भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘पण बेस तर मस्त वाजून राहिलाय ना!’ एवढंच म्हणाला बिचारा.) डी क्लास ॲम्प असेल तर वाया कमी जातं, पण आत जाणाऱ्या करंटचा हिशेब हाच.

तर ॲम्पची गरज ४०. आता वायर अशी हवी की तिची क्षमता याहून जास्त. ८ गेजची अस्सल तांब्याची वायर ५०-६० अँपिअरचा फ्यूज पेलते. फ्यूज या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे : ॲम्पच्या गरजेहून कमी नको, वायरच्या क्षमतेहून जास्त तर अजिबात नको. भावाच्या गाडीत काकांनी ८ गेज ओढली आणि ५०चा फ्यूज लावला. ४०चा का नाही, असं मी विचारलं. उत्तर नागपुरी होतं : ‘मे महिना येऊन राहिला ना!’ गंमत नाही, यात शास्त्र आहे. फ्यूजवर छापलेला आकडा साधारण पंचवीस अंश तापमानाचा असतो. भोवतालची हवा तापली की तो थोड्या कमी करंटलाच उडतो. आपल्या शहरानं २२ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिलेत, बॉनेटखाली किती होत असेल याची कल्पना करा. एरवीही फ्यूजच्या आकड्याच्या ७०-८० टक्क्यांपेक्षा जास्त करंट सतत चालवू नये असं बनवणारेच सांगतात.

उलट दिशेनंही एक गैरसमज आहे. २० अँपिअरचा फ्यूज २१ला उडतो, असं नाही. नेहमीचा ब्लेड फ्यूज छापील आकड्याच्या १३५ टक्के करंटला उडायला दहा मिनिटंही घेऊ शकतो. दुप्पट करंटला मात्र पाच सेकंदांच्या आत जातो. म्हणजे फ्यूज तसा दिलदार असतो, बेसचा एखादा ठोका तो माफ करतो. त्यामुळे ‘सेफ्टी म्हणून’ आणखी मोठा घ्यायची गरज नसते.

वायर घेताना एक फसवणूक सांभाळा. बाजारात ‘ॲम्प किट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वायरी बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या असतात. दिसायला जाडजूड, पारदर्शक लाल, एकदम स्टायलिश. टोक कापून एक तार खरवडा, आत पांढरी निघाली की समजा. अशी वायर वाईटच असं नाही, पण ती एक माप जाड घ्यावी लागते आणि फ्यूज मात्र लहान मापाचा ठरवावा लागतो. काही स्वस्त वायरींमध्ये तर जाडी सगळी प्लॅस्टिकचीच!

फ्यूजचे प्रकार पटकन सांगते. गाडीतले नेहमीचे ते रंगीत ब्लेड फ्यूज : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. हेड युनिटच्या मागे बहुतेक १० किंवा १५चा असतो, तेवढंच त्याला पुरतं. ॲम्पच्या मुख्य वायरला बोल्टनं आवळायचे पट्टीसारखे फ्यूज घ्या, मिडी किंवा मिनी एएनएल म्हणून मागा. ते घट्ट बसतात, ढिले होत नाहीत. काचेची नळी मला आवडत नाही. तिच्या टोकाच्या टोप्या हादऱ्यांनी सैल पडतात, मग फ्यूज उडत नाही पण होल्डर वितळतो.

हे वितळणं जरा समजून घ्या, कारण इथे फ्यूजही काही करू शकत नाही. सैल जोडामध्ये एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच जरी अडथळा आला, तरी ४० अँपिअरला तिथे १६ वॅट उष्णता तयार होते. करंट वाढलेला नसतो, त्यामुळे फ्यूजला पत्ताच नसतो. इकडे प्लॅस्टिकच्या बंद डबीत जणू सोल्डरिंग आयर्न चालू. यावर उपाय अगदी साधा. अर्धा तास नेहमीच्या आवाजात गाणी वाजवा, गाडी बंद करून होल्डरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात लावून ठेववत नसेल तर जोड उघडून पुन्हा आवळून घ्या. हे दर दोन-तीन महिन्यांनी केलं तर फार छान.

बनावट फ्यूजबद्दलही सावध राहा. रंग तोच, आकडा तोच, पण आतली पट्टी इतकी जाड की दुप्पट-तिप्पट करंटलाही ढिम्म. फ्यूज ही कंपनीचीच वस्तू घ्यावी, यात दहा-वीस रुपये वाचवून कुणी श्रीमंत झालेलं नाही. तर्री-पोह्याच्या एका प्लेटचा हिशेब आहे हा.

दोन ॲम्प असतील तर? एक जाड वायर मागे न्या, तिथून दोन बारीक फोडा, आणि जिथे वायर बारीक होते तिथे प्रत्येकीला तिच्या मापाचा वेगळा फ्यूज. काळ्या, म्हणजे अर्थच्या वायरला फ्यूज लागत नाही. ती लालइतकीच जाड, आखूड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट हवी. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच. आणि काम चालू असताना बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, फ्यूज सगळ्यात शेवटी. काकांनी फ्यूज बसवण्याआधी सगळे जोड दोनदा ओढून पाहिले. त्या दुकानात कुणी पाहिले असतील असं वाटत नाही.

आता कागदांचं. कंपनीकडून गाडीबरोबर न आलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी इन्शुरन्स पॉलिसीत वेगळी दाखवावी लागते, तिचा प्रीमियमही वेगळा (२००२ च्या मोटर टॅरिफमध्ये तो वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के होता). नेहमीच्या पॉलिसीत ‘इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’चं नुकसान भरून मिळत नाही, हेही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भावानं सिस्टीमची पावती पाहिली तर तिच्यावर फक्त ‘म्युझिक फिटिंग’ आणि एक रक्कम. काकांनी मात्र मागितल्याबरोबर बिलबुकावर सगळं लिहून दिलं : वायर ८ गेज, तांबं, फ्यूज ५० अँपिअर, बॅटरीपासून एक फूट, आणि तारीख. तुम्हीही असंच लिहून घ्या. ग्लव्ह बॉक्समध्ये ते बिल आणि त्याच मापाचे दोन जादा फ्यूज एका छोट्या पाकिटात ठेवा. त्याच मापाचे, बरं का.